पावतीच्या कडेला सापडलेला मंगळवार

१. चौदा जोड्या

एकच बिल दोनदा लावलं होतं. एकदाच झालं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण हे चौदा वेळा झालं होतं, आणि चौदाही वेळा नाव एकाच माणसाचं होतं.

मला हे कळलं शनिवारी दुपारी साडेबाराला, शाळा सुटून कारखान्यात आले तेव्हा. कारखाना म्हणजे आईचा, सोफे आणि खुर्च्यांना नवं कापड चढवायचा. एक लांबलचक खोली, मधोमध कापड कापायचं टेबल, कोपऱ्यात छताला टेकलेले फोमचे गठ्ठे. इथे सदानकदा आवाज असतो: हातोडी, शिवणयंत्र, पिना मारायचं यंत्र आणि सगळ्यांच्या वर मामाची शीळ. त्या दिवशी खोलीत शीळसुद्धा नव्हती.

मिस्त्रीकाका जमिनीवर बसून आपली हत्यारं कापडात गुंडाळत होते. मोठी कात्री, छोटी कात्री, वाकडी सुई, लाकडी हातोडा. एकेक वस्तू पुसून.

"काका, कुठे चाललात?"

"घरी."

"साडेबाराला?"

"कायमचा," काका म्हणाले आणि हातोडा पुन्हा एकदा पुसला. तो आधीच चकचकीत होता.

टेबलापाशी आई कपाळाला हात लावून बसली होती. तिच्यासमोर एक पत्र होतं. मी ते उचललं. "टाचणे, ते तुझ्यासाठी नाही," आई म्हणाली, तोवर माझं अर्धं वाचून झालं होतं. (मला सगळे टाचणी म्हणतात. बारीक आहे म्हणून, असं आई सांगते. टोचते म्हणून, असं मामा सांगतो.)

पत्र सभागृहाच्या व्यवस्थापकसाहेबांचं होतं. त्यांच्या लहान सभागृहाच्या तीनशे खुर्च्या आम्ही करतोय. मजुरी ठरलेली, आणि धागा, खिळे, गोंद, चेन, फोम असल्या सामानाचा खर्च पावत्या दाखवून वेगळा. म्हणून प्रत्येक पावतीचा फोनवर फोटो काढायचा, तो ॲपमध्ये जातो, ॲप तारीख आणि रक्कम वाचतं, आणि महिन्याची यादी तयार होते. साहेबांनी लिहिलं होतं की यादीत चौदा पावत्या दुबार आहेत, नऊ हजार चारशेचा फरक आहे, आणि चौदाही मिस्त्रीकाकांच्या नावावर आहेत. ही लबाडी करणाऱ्याला कामावरून काढल्याचं लेखी हवं. नाहीतर मोठ्या सभागृहाच्या सहाशे खुर्च्यांचं काम दुसऱ्याला. साहेब स्वतः चार वाजता येणार होते.

बारीकसारीक खरेदी काका स्वतःच्या खिशातून करतात आणि महिना संपला की आई यादी बघून त्यांना पैसे देते. म्हणजे दुबार पावत्यांचा फायदा कोणाला झाला असता, हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणूनच मला ते पटेना. अकरा वर्षांत काकांनी कापडाचा उरलेला तुकडासुद्धा विचारल्याशिवाय नेलेला नाही.

"आई, चार वाजेपर्यंत काही लिहून देऊ नकोस," मी म्हटलं. "मी शोधून काढते."

आईनं माझ्याकडे बघितलं. मागच्या वर्षीची मी असते तर तिथेच वितळले असते. पण या वर्षी मी विज्ञानाच्या प्रदर्शनात तीन परीक्षकांना गप्प केलंय.

"जेवलीस का?" आई म्हणाली.

आमच्याकडे याचा अर्थ 'बरं' असा होतो.

२. एक फोन, चार हात

आधी फोन. तो कारखान्याचा आहे, कोणा एकाचा नाही. एक कोपरा तडकलेला, मागे गोंदाचा थर, आणि कायम टेबलाच्या खणात. कोणीही उचलावा, कोणीही फोटो काढावा. कुणाच्या हातून काढला ते ॲपला कळत नाही. कधी काढला तेही दिसत नाही, कारण ते बघायला पैसे भरावे लागतात आणि मामानं फुकटातलं घेतलंय. यादीत फक्त पावतीवरची तारीख दिसते आणि खरेदी करणाऱ्याचं नाव, जे फोटो काढणारा स्वतः निवडतो.

फोनला हात लावणारे चार जण: आई, मामा, काका आणि दर शुक्रवारी येणाऱ्या हिशेबताई. मी पाचवी, पण मी गुन्हेगार नाही हे मला माहीत होतं.

हिशेबताई पत्राची बातमी ऐकून धावत आल्या होत्या आणि रागानं स्वतःलाच वारा घालत होत्या.

"मी काल यादी काढली आणि पाठवून दिली," त्या म्हणाल्या. "एकूण रक्कम बघितली, तारखा बघितल्या. एकाच तारखेला दोन सारखी बिलं असली तर मला वाटलं, दोनदा धागा आणला असेल. तुमच्याकडे धागा काय, पाण्यासारखा लागतो!"

"तुम्ही फोटो नाही काढत?"

"मी? अगं, मला त्या फोनला हात लावला की हात धुवावे लागतात. मी माझ्या संगणकावर बघते."

मग मामा. मामा आईचा धाकटा भाऊ. टेम्पो चालवतो, माल आणतो, पोचवतो, आणि पावत्यांचे फोटो काढणं हे त्याचं काम. गेल्या महिन्यात फोटो राहून गेले म्हणून आईनं त्याला शेवटची ताकीद दिली होती: पुन्हा विसरलास तर दुसरीकडे नोकरी बघ. तो बाहेर टेम्पोच्या चाकाला टेकून उभा होता.

"मामा, या महिन्याचे फोटो तूच काढलेस ना?"

"मीच."

"रोजच्या रोज?"

"रोजच्या रोज," मामा म्हणाला आणि टेम्पोच्या चाकात काहीतरी फार महत्त्वाचं दिसल्यासारखा खाली वाकला. "तू वकील झालीस काय गं, टाचणे? मी सगळी बिलं टाकली, एकेकदाच टाकली. बाकीची कोणी टाकली ते मला काय माहीत! मला काकांबद्दल काही बोलायचं नाही."

न बोलताही पुष्कळ बोलून झालं होतं.

शेवटी काका. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"काका, दुबार पावत्या तुम्ही टाकल्या?"

"नाही."

"मग तसं सांगा ना सगळ्यांना!"

"सांगितलं. पुढे विचारतात, तुम्हाला या पावत्यांबद्दल काय माहीत आहे. त्याचं उत्तर मी देणार नाही."

"का?"

काका हसले. मला ते हसू अजिबात आवडलं नाही. चूक कबूल करणारा माणूस असा हसत नाही, आणि निर्दोष माणूसही नाही. काहीतरी पाठीशी घालणारा माणूस हसतो तसं ते होतं.

"पोरी, तू अभ्यास कर," काका म्हणाले.

घड्याळात सव्वा वाजला होता.

३. काळं नख

मी डबा एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात घेऊन फोमच्या गठ्ठ्यावर चढले. विचार करायला ती जगातली सगळ्यात मऊ जागा आहे.

ॲपमध्ये पावत्या किती छान दिसतात! पांढऱ्याशुभ्र, सरळ, चारही कोपरे काटकोनात. कारण आपण वाकडातिकडा फोटो काढला तरी ॲप फक्त पावती कापून घेतं आणि बाकीचं टाकून देतं. सकाळपासून सगळ्यांनी, साहेबांच्या कचेरीनंसुद्धा, ह्या कापलेल्या पावत्याच बघितल्या होत्या. दोन सारखे कागद शेजारी ठेवून सगळे म्हणत होते, सारखेच आहेत!

पण टाकून दिलेलं जातं कुठे?

मी एका पावतीवर बोट ठेवलं. खाली पर्याय आले. 'कोपरे बदला' यावर टिचकी मारली, आणि माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

पूर्ण फोटो! न कापलेला! पावतीच्या भोवती टेबल, टेबलावरचं लाल कापड, कापडावरची कात्री, सगळं. ॲपनं काही टाकलं नव्हतं, नुसतं झाकून ठेवलं होतं.

पहिली जोडी होती तीन तारखेच्या धाग्याच्या पावतीची. त्यातला पहिला फोटो मी नीट बघितला. पावती कडक, नवीकोरी. खाली लाल कापड. आणि डाव्या कोपऱ्यात, पावती उडू नये म्हणून दाबून धरलेला एक अंगठा. त्याचं नख काळं पडलेलं होतं.

काळ्या नखाचा अंगठा आमच्या कारखान्यात एकाचाच आहे. पावसाळ्याआधी त्यावर हातोडी बसली, तेव्हा मीच बर्फ आणून दिला होता.

मी पुढची जोडी उघडली. पुन्हा काळं नख. पुढची. पुन्हा. सहावी, नववी, अकरावी.

म्हणजे मामा रोज फोटो काढत नव्हता. काढत होते काका. आणि आपल्याला त्यातलं काही सांगायचं नाही असंही काकाच म्हणत होते.

मी पोळी परत डब्यात ठेवली. मी काकांना सोडवायला निघाले होते आणि त्यांच्याविरुद्धचा पहिला खरा पुरावा माझ्याच हातात आला होता.

४. जोडीतला दुसरा

पाच मिनिटं मी तशीच बसून होते. मग माझी मलाच चीड आली. चौदा जोड्या म्हणजे अठ्ठावीस फोटो, आणि मी प्रत्येक जोडीतला पहिलाच बघून रडायला बसले होते!

दुसरे उघडले.

काळं नख नाही. एकाही फोटोत नाही. कोणीच पावती दाबून धरली नव्हती, कारण दाबायची गरज नव्हती: कागद चुरगळून मऊ झाले होते. आणि प्रत्येक पावतीच्या बरोबर मध्ये एक बारीक भोक होतं.

भोक! मी गठ्ठ्यावरून उडी मारली. आमच्या भिंतीवर एक वाकवलेली तार आहे, बिलं टोचून ठेवायची. तारेवर जाऊन आलेल्या बिलाला भोक असणारच. काकांच्या फोटोंमध्ये भोक नव्हतं. म्हणजे पहिला फोटो बिल तारेवर जाण्याआधीचा, दुसरा तारेवरून काढल्यानंतरचा.

आता खालचं कापड. काकांच्या फोटोंखाली दर वेळी वेगळं: लाल, मग तपकिरी, मग उघडं लाकूड, मग फोमचा तुकडा. बरोबरच आहे, रोज टेबलावर जे काम असेल तेच खाली येणार. पण दुसऱ्या चौदाच्या चौदा फोटोंखाली एकच गोष्ट होती: राखाडी रेक्झिन, आणि त्यावर खडूची पिवळी रेघ. कधी रेघ पावतीच्या वर, कधी खाली, कधी कडेनं पळणारी. तारखा महिनाभराच्या, पण जमीन एकच. हे सगळे फोटो एका बैठकीत काढलेले होते!

मी आणखी खाली गेले. यादीत तीन पावत्या अशा होत्या ज्यांना जोडी नव्हती. फोमच्या, मामाच्या नावावरच्या. त्यांचेही कोपरे उघडले. राखाडी रेक्झिन, पिवळी रेघ, मध्ये भोक.

चौदा आणि तीन, सतरा. मी तारेवरची बिलं मोजली. सतरा.

"आई!" मी ओरडले. "ही पिवळी रेघ कोणाची?"

आईनं फोन डोळ्यांजवळ धरला. "माझी. हे राखाडी मंगळवारी आलं ना, साहेबांनीच पाठवलं. जेवायच्या आधी मी त्याच्यावर माप आखलं आणि बँकेत गेले. बुधवारी सकाळी आल्या आल्या कापलं."

म्हणजे आखलेलं पण न कापलेलं ते रेक्झिन जगात फक्त एकाच दुपारी होतं. मंगळवारी.

"आणि मंगळवारी दुपारी इथे कोण होतं?"

आई आठवायला लागली. मग तिचा चेहरा बदलला. तिनं दाराबाहेर, टेम्पोकडे बघितलं.

"त्याला मी जीव तोडून सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली आणि उठली.

"थांब!" मी तिचा हात धरला. "अजून एक गोष्ट जुळत नाहीये."

५. तारेवरचं बिल

जुळत नव्हतं ते हे: मामा आळशी आहे, विसराळू आहे, थापाही मारतो. पण काकांच्या नावावर चोरी रचेल असा तो नाही. लहानपणी मला सायकल शिकवताना मी पडले, तर मामाच रडला होता. बरं, काकांना पैसे जास्त मिळून मामाला काय मिळणार होतं? आणि काकांना अडकवायचंच होतं तर जोडी नसलेल्या तीन पावत्या स्वतःच्या नावावर कशाला टाकायच्या?

मग मी एक साधा प्रश्न घेऊन फिरले. परीक्षेत असतो तसला, एका गुणाचा.

"आई, आपल्या तारेवर बिल टोचलेलं असतं, त्याचा अर्थ काय?"

"काय म्हणजे? नोंद करायचं राहिलंय. माझ्या वडिलांच्या दुकानात तसंच होतं. नोंद झाली की बिल तारेवरून डब्यात जायचं."

"हिशेबताई?"

"मला काय विचारतेस! मी कधी त्या भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही."

काका हत्यारांच्या गाठोड्याला गाठ मारत होते.

"काका, तारेवरचं बिल म्हणजे?"

"झालेलं बिल," काका सहज म्हणाले. "माझ्या जुन्या शेठकडे नोंद झाल्याशिवाय तारेला हात लावायची सोय नव्हती."

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे गिरकी घेतली आणि हिशेबताईंच्या पायावर पडले. त्या ओरडल्या. मला ऐकूच आलं नाही.

अकरा वर्षं! अकरा वर्षं ही माणसं एकाच तारेला बिलं टोचत होती आणि एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं की बाबा रे, ह्याचा अर्थ काय धरतोस? वहीचे दिवस होते तोवर बिघडलं नाही, कारण वही आई स्वतः लिहायची आणि काका वहीकडे फिरकत नसत. फोन आला आणि काकांची समजूत आई-मामाच्या घरच्या समजुतीवर आदळली.

बाहेर गाडीचं दार वाजलं. चारला दहा कमी होते. साहेब लवकर आले होते.

६. साहेबांची साक्ष

व्यवस्थापकसाहेब उंच आहेत आणि वाकून बोलत नाहीत. आईनं दिलेल्या खुर्चीवर ते बसले, कागदांची पिशवी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "लेखी तयार आहे?"

"तयार नाही, साहेब," आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून एक श्वास घेतला. "माझी मुलगी काही दाखवणार आहे."

"मला वेळ नाही."

"मला दहा मिनिटं लागतील," मी म्हटलं, "आणि तुम्ही दहा मिनिटं आधी आलाय."

मामाच्या तोंडून 'फिस्स' असा आवाज आला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि हात पुढे केला: बोल.

मी फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि एकेक जोडी उघडत गेले. भोक नसलेली, भोक असलेली. रंग बदलणारी जमीन, न बदलणारी जमीन. सतरा बिलं तारेवर, सतरा फोटो राखाडी रेक्झिनवर. साहेब आधी मागे टेकून बघत होते. तिसऱ्या जोडीला पुढे वाकले. सातव्या जोडीला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे रेक्झिन ओळखता?" मी विचारलं.

"मीच पाठवलं. पाठवणीच्या चिठ्ठीवर माझी सही आहे. मंगळवार."

"दुपारी ते टेबलावर आखलेलं होतं, बुधवारी सकाळी कापलं. म्हणजे दुबार फोटो मंगळवारी दुपारी, इथे, या टेबलावर काढलेत. बरोबर?"

"बरोबर दिसतंय."

"मग साहेब, मंगळवारी दुपारी मिस्त्रीकाका कुठे होते?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. खोलीतल्या सगळ्यांना कळलं की त्यांना काय आठवलंय.

"सभागृहात," ते सावकाश म्हणाले. "पहिल्या चाळीस खुर्च्या बसवत होते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मी स्वतः उभा होतो. डबासुद्धा आम्ही एकत्र खाल्ला."

अहाहा! ज्या माणसानं आरोप केला त्याच माणसाच्या तोंडून साक्ष! मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण मी हात मागे बांधले.

काका मान वर करून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि काका ते लपवतही नव्हते.

"ठीक," साहेब म्हणाले. "मिस्त्री नव्हते. मग कोण?"

 एवढा वेळ भरधाव चाललेली माझी जीभ जागच्या जागी थांबली. आईनं ओठ आवळले. नाव घेतलं की मामाची नोकरी गेली, आणि मामा गेला की आमच्या घरातलं निम्मं हसू गेलं.

काका उठले. "साहेब, ते जाऊ द्या. माझं—"

"मी," मामा म्हणाला.

तो दारातून आत आला, टेबलापाशी उभा राहिला आणि आईकडे बघत म्हणाला, "ताई, मी महिनाभर एकही फोटो काढला नव्हता. रोज म्हणायचो उद्या काढू. मंगळवारी तू बँकेत जाताना म्हणालीस की शुक्रवारी यादी जायची आहे, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तारेवर सगळी बिलं दिसली. म्हटलं, वाचलो! सगळी तशीच राहिलीत. एका दमात सतराच्या सतरा टाकली. बिलामागे आणणाऱ्याची सही असते, ज्याची सही त्याचं नाव टाकलं. आज हे पत्र आलं तेव्हा मला खरंच वाटलं की दुसऱ्यांदा काकांनी टाकली. आणि मी बोललो असतो तर माझंही बिंग फुटलं असतं. म्हणून गप्प बसलो. काकांनी हत्यारं गुंडाळली तरी गप्प बसलो." मग तो काकांकडे वळला. "मला माफ करा, काका."

"आणि काकांनी रोज का काढले?" आईनं विचारलं. "ते काम यांचं नव्हतंच."

काकांनी काळ्या नखाचा अंगठा दुसऱ्या हातानं चोळला. "तुम्ही याला ताकीद दिली ना, वहिनी. हा विसरायचा. म्हटलं, मी आणलेल्या बिलांचे तरी आपण काढू, पोराची नोकरी राहील. आज खरं सांगितलं असतं तर पहिला हाच उघडा पडला असता."

 मग हिशेबताईंना एकदम काहीतरी सुचलं.

"अहो, पण एक मिनिट! तेच बिल पुन्हा टाकलं की ॲप विचारतं! 'अशी पावती आधीच आहे, तरीही ठेवायची का?' चौदा वेळा विचारलं असेल!"

सगळ्यांनी मामाकडे बघितलं.

"काहीतरी विचारत होतं खरं," मामा म्हणाला. "मी हो म्हणत गेलो."

पहिलं कोण हसलं ते मला सांगता येणार नाही, पण मला शंका आहे की साहेब. हिशेबताईंनी पदरात तोंड लपवलं. आई रागावायचा पुरेपूर प्रयत्न करत होती आणि दर वेळी मध्येच तिला फुटत होतं. शेवटी तिनं मामाच्या पाठीत एक धपाटा घातला, तो तिच्याकडे जमा असलेल्या सगळ्या रागाचा होता, आणि म्हणाली, "उद्यापासून महिनाभर टेम्पो तू धुवायचास. बाहेरून आणि आतून."

"म्हणजे नोकरी आहे?"

"धुवायला कोणीतरी लागेलच ना!"

मी तारेची गोष्ट साहेबांना समजावून सांगितली: आईसाठी तारेवरचं बिल म्हणजे राहिलेलं, काकांसाठी झालेलं. साहेबांनी ती दोनदा ऐकली. मग ते उठले आणि काकांसमोर जाऊन उभे राहिले. आता ते वाकले.

"मिस्त्री, मी लेखी आरोप केला. माफीही लेखी देतो. आजच."

"पत्र कशाला, साहेब," काका म्हणाले. "मला ते वाचायला चष्मा शोधावा लागेल. तुम्ही बोललात, पोचलं."

साहेबांनी पिशवीतून मोठ्या सभागृहाचा करारनामा काढला. सहाशे खुर्च्या! आईनं तो टेबलावर पसरून ओळ न ओळ वाचला. पहिल्याच पानावर एक रिकामी जागा होती.

"'पावत्यांची जबाबदारी'," साहेबांनी वाचलं. "इथे एक नाव लागेल. या वेळी नीट विचार करून द्या."

मामानं दोन पावलं मागे घेतली. हिशेबताई म्हणाल्या, "मी फोनला हात लावत नाही." आई बघत होती माझ्याकडे. साहेबही.

"मी आठवड्यातून दोनदा येईन," मी म्हटलं. "दर पावतीमागे मोबदला हवा. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी. आणि कोणतंही बिल घेतलं की त्याचं पुढे काय करायचं ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावणार. सगळ्यांना वाचावं लागेल. मालकिणीलासुद्धा."

"अगं ए!" आई म्हणाली.

"मान्य," साहेब म्हणाले आणि माझं पूर्ण नाव विचारून त्या जागेत लिहिलं. मग थबकले. "पण ही लहान आहे. हिच्या वतीनं कोणा मोठ्या, भरवशाच्या माणसाची सही लागेल."

आईनं पेन उचललं. साहेबांनी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी करारनामा फिरवला, टेबलावरून पलीकडे सरकवला आणि खिशातलं स्वतःचं पेन टोपण काढून काकांसमोर धरलं.

"मिस्त्री, तुमची सही चालेल मला," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाची नको."

काकांनी हात पँटला पुसले. एकदा, दोनदा. मग टेबलावर वाकून, जीभ दातांत धरून, त्यांनी इतकी ठसठशीत सही केली की ती खालच्या तीन पानांवर उमटली.